वायरलेस चार्जिंग घ्यावं की नको? गोव्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

म्हापशात आमचं मोबाईल दुरुस्तीचं आणि सुट्या सामानाचं दुकान आहे. नवा आयफोन किंवा पिक्सेल बाजारात आला की व्हॉट्सअ‍ॅपवर तेच ते प्रश्न सुरू होतात. चवथीच्या सुमारास तर जास्तच, कारण मुंबईहून, पुण्याहून, आखातातून घरची माणसं येतात आणि येताना कुणासाठी तरी गोल चुंबकी चार्जर घेऊन येतात. दर वेळी वेगळं टाइप करण्यापेक्षा उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत.

एक गोष्ट आधीच सांगतो. वायरलेस चार्जिंगची ही पॅडं आम्ही विकतो, तरी गिऱ्हाइकांपैकी बहुतेकांना "सध्या नको" असंच सांगतो. अपवाद कोण, ते प्रश्न ११ मध्ये आहे.

१. वायरलेस म्हणता, पण पॅडला वायर असतेच ना?

असतेच. वायर सुटते ती फोनची, भिंतीची नाही. पॅडच्या आत तांब्याच्या तारेची चपटी कॉइल असते. तिच्यातून वेगाने दिशा बदलणारा प्रवाह सोडला की भोवती बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि फोनच्या पाठीतल्या दुसऱ्या कॉइलमध्ये त्यामुळे वीज निर्माण होते. मायकेल फॅरेडे यांनी १८३१ साली दाखवलेलं तत्त्व हेच. मात्र हे क्षेत्र झपाट्याने विरतं, त्यामुळे दोन कॉइलमध्ये काही मिलिमीटरपेक्षा जास्त अंतर चालत नाही. फोन पॅडवर ठेवावाच लागतो. खिशात ठेवून, खोलीत कुठेही चार्ज होण्याची जी स्वप्नं जाहिरातीत दिसतात, त्यांचं काय झालं ते प्रश्न १८ मध्ये वाचा.

२. क्यूआय आणि क्यूआय २ यांत फरक काय?

क्यूआय हे वायरलेस चार्जिंगचं मानक, वायरलेस पॉवर कन्सॉर्शियम या संघटनेचं. संघटना २००८ची, मानक २०१० पासूनचं. जुन्या क्यूआयमध्ये फोन पॅडच्या बरोबर मध्यावर ठेवणं तुमच्या हातात होतं. बोटभर सरकला की चार्जिंग मंद, आणखी सरकला की बंद. रात्री ठेवलेला फोन सकाळी १२ टक्क्यांवर सापडण्याचं कारण बहुधा हेच.

अ‍ॅपलने २०२० मध्ये आयफोन १२ बरोबर मॅगसेफ आणलं: कॉइलभोवती चुंबकांचं कडं, त्यामुळे पॅड आपोआप जागेवर बसतं. ही रचना पुढे सगळ्यांसाठी खुली झाली आणि २०२३ मध्ये क्यूआय २ या नावाने मानकात आली, १५ वॉटपर्यंत. २०२५ मध्ये तिचीच २५ वॉटची आवृत्ती आली. नवी पिढी म्हणतात ती ही. यात विजेपेक्षा चुंबकाचं काम मोठं आहे. कॉइल एकमेकींवर नीट बसल्या की तीच वीज कमी वाया जाते आणि उष्णताही कमी होते.

३. माझ्या फोनला चालेल का? कसं ओळखायचं?

दुकानात येणाऱ्या फोनांपैकी बहुतेकांचं उत्तर "नाही" असतं, आणि वायरलेस चार्जिंग न पसरण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. रेडमी नोट, सॅमसंगची ए मालिका, विवोची वाय मालिका यांत कॉइलच नसते. कॉइल, तिच्यामागची फेराइटची पत्री, वेगळी चिप आणि आता चुंबक, या सगळ्यांचा खर्च आणि जाडी वाढते. पंधरा हजारांचा फोन घेणारा त्या पैशात मोठी बॅटरी मागतो. बरोबरच मागतो.

कॉइल कुणात आहे: २०१७ च्या आयफोन ८ पासूनचे आयफोन, सॅमसंगची एस मालिका, पिक्सेलचे वरच्या किमतीचे फोन, नथिंग फोन १ आणि २, मोटोरोलाच्या एज मालिकेतले काही. इन्फिनिक्सने २०२४ मध्ये नोट ४० प्रो मालिकेत चुंबकी चार्जिंग दिलं होतं, तेही तुलनेने स्वस्तात. मध्यम किमतीत असा प्रयत्न क्वचितच दिसतो.

एनएफसी (फोन टेकवून पैसे देण्याची सोय) असलं म्हणजे वायरलेस चार्जिंग असतं, असं बरेच जण धरून चालतात. तसं नाही, ती दोन वेगळी कामं आहेत. धातूची पाठ असलेल्या फोनचा तर विचारच नको. कंपनीच्या संकेतस्थळावर फोनच्या तपशिलात पाहा, नाहीतर दुकानात या, पॅडवर ठेवून लगेच कळतं.

४. फोनमध्ये नसेल तर मागे चिकटवायचा पातळ रिसीव्हर मिळतो ना ऑनलाइन?

मिळतो, आम्ही ठेवत नाही. त्याची पट्टी टाइप-सी पोर्टमध्ये कायम खुपसलेली राहते, कव्हरखाली फुगवटा येतो, वेग ५ वॉटच्या आसपास आणि उष्णता मात्र थेट बॅटरीवर. केबल लावायची असेल तेव्हा सगळं सोडवायचं. पोर्ट वाचवायला घेतात आणि पट्टी आत-बाहेर करून पोर्टच ढिलं करून घेतात.

५. केबलने अर्ध्या तासात फोन भरतो, मग हे हळू का?

आपल्याकडच्या चिनी कंपन्यांनी ६७, ८०, १२० वॉटचं केबल चार्जिंग मधल्या किमतीत आणून ठेवलं, बऱ्याचदा अडॅप्टरही खोक्यातच. त्यापुढे १५ वॉट म्हणजे पायी चालणं. वायरलेसमध्ये वीज दोनदा रूप बदलते आणि त्यात बरीचशी उष्णतेत जाते. उष्णता वाढली की फोन स्वतःच वेग कमी करतो, म्हणून खोक्यावरचा आकडा सुरुवातीच्या काही मिनिटांपुरताच खरा.

काही कंपन्या ५० वॉट वायरलेस देतात (उदाहरणार्थ वनप्लसचं एअरवूक), पण तो वेग त्यांच्याच स्टँडवर मिळतो. दुसऱ्याच्या पॅडवर तोच फोन साध्या क्यूआयवर येतो.

आमचं मत: हळू असणं हा खरा अडथळा नाही. रात्री झोपताना ठेवायचा असेल तर वेगाचं कुणाला पडलंय? अडथळा हा की केबल खोचायला दोन सेकंद लागतात, आणि तेवढेच वाचवायला पॅड, अडॅप्टर आणि नवं कव्हर, तिन्ही विकत घ्यावी लागतात.

६. नवं पॅड नेलं तरी फोन सकाळपर्यंत पुरता भरत नाही. बदलून देणार का?

देऊ, पण पॅड कुठल्या अडॅप्टरला लावलंय त्याचा फोटो आधी पाठवा. दोष बहुतेक वेळा तिथेच सापडतो. ड्रॉवरमधला जुना पांढरा चौकोनी ५ वॉटचा तुकडा लावला तर पॅड ५ वॉटच्याही खाली जातं. १५ वॉटचं क्यूआय २ हवं तर पीडी (पॉवर डिलिव्हरी, टाइप-सीवरून जास्त वीज देण्याची सामाईक पद्धत) लिहिलेला २० वॉटचा टाइप-सी अडॅप्टर लागतो, २५ वॉटसाठी निदान ३० वॉटचा.

एक खाच इथे आहे. अडॅप्टरवर ८० वॉट लिहिलेलं असतं, तरी पॅडला त्यातून १० वॉटच मिळतात. कारण ते ८० वॉट त्या कंपनीच्या स्वतःच्या भाषेतले, त्याच कंपनीच्या फोनसाठी. पॅडला पीडीची भाषा कळते. असे बरेच जुने अडॅप्टर अनोळखी वस्तूला पाच व्होल्टवरच ठेवतात. आयफोन आणि सॅमसंगच्या खोक्यात आता अडॅप्टर नसतो, पॅडच्या खोक्यात बहुधा नसतो, आणि हा जादा खर्च कुणी आधी सांगत नाही. आम्ही बिल करण्याआधी विचारतो.

७. फोन तापतो. बॅटरी लवकर जाईल का?

हा प्रश्न एप्रिल-मेमध्ये सगळ्यात जास्त येतो, आणि काळजी रास्त आहे.

लिथियम-आयन बॅटरीला दोन गोष्टी म्हातारं करतात: उष्णता आणि बराच वेळ पूर्ण भरलेलं राहणं. वायरलेस पॅडवर रात्रभर ठेवलेल्या फोनला दोन्ही मिळतात. अ‍ॅपल आयफोन शून्य ते ३५ अंशांच्या हवेत वापरायला सांगतं. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी खोलीतच ३३-३४ अंश असतात, म्हणजे पॅडची उष्णता मिळायच्या आधीच फोन सीमेवर पोचलेला. बर्लिनमध्ये तपासलेल्या पॅडचे कौतुकाचे व्हिडिओ पाहून डिचोलीत खरेदी करताना हे लक्षात ठेवा.

आकडा बघा. फोनला १५ वॉट द्यायचे आणि त्यासाठी भिंतीतून २१-२२ वॉट खेचायचे, तर सहा-सात वॉट उष्णता झाली. ती थोडी पॅडमध्ये, थोडी फोनमध्ये. फोन वाकडा ठेवला तर आणखी जास्त. फार तापलं की आयफोन ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवतो आणि थंड झाल्यावर पुढे चालू करतो. त्यामुळे "८० वर अडकला, बिघडलाय" असं समजून आणलेले फोन आम्ही पंख्याखाली ठेवून परत देतो.

काय करावं: जाड कव्हर काढून ठेवा. पॅड गादीवर किंवा उशीखाली कधीच नको, लाकडी टेबल बरं. रात्री पंखा फोनवरूनही फिरू दे. हॉटस्पॉट चालू ठेवून किंवा गेम खेळत पॅडवर ठेवू नका. सेटिंगमध्ये ८० टक्क्यांची मर्यादा असेल तर ती लावा, आयफोन १५ पासून आणि सॅमसंग, पिक्सेलच्या नव्या फोनांत आहे. जुन्या सपाट पॅडपेक्षा चुंबकी क्यूआय २ पॅडवर फोन कमी तापतो, कारण प्रश्न २ मध्ये दिलंय.

एवढं करूनही केबलने हळू चार्ज केलेली बॅटरी जास्त टिकेल. यावर घासाघीस नको.

८. वीजबिल किती वाढेल?

आई-वडिलांचा प्रश्न. उत्तर: जाणवणारही नाही. ५००० एमएएचची बॅटरी म्हणजे साधारण १९ वॉट-तास. केबलने भरायला भिंतीतून २४ च्या आसपास लागतात, वायरलेसने ३२ धरा. रोज पूर्ण भरला तरी वर्षाला तीन युनिटचा फरक. पॅड रिकामं पडून राहिलं तर पाव वॉट धरून वर्षाला आणखी दोन युनिट. वीज खात्याच्या घरगुती दराने वर्षाचे तीस रुपयेही होत नाहीत. विजेची नासाडी म्हणून कुणाला खटकत असेल तर तो विचार योग्य आहे, पण बिलाच्या भीतीने थांबू नका.

९. कव्हरमध्ये देवाचा फोटो ठेवलाय. काढावा लागेल का?

कागदी फोटोला काही होत नाही. मंगेशीचा, शांतादुर्गेचा, म्हाळशेचा साधा फोटो किंवा दहाची नोट कव्हरमध्ये असली तरी चार्जिंग चालतं, फक्त अंतर किंचित वाढतं. तांब्याचं यंत्र, पत्र्याचं छोटं पदक, चंदेरी फॉइलवर छापलेली प्रतिमा मात्र काढावी लागेल. बदलत्या चुंबकीय क्षेत्रात धातूचा तुकडा स्वतःच तापतो. प्रमाणित पॅड परकी धातू ओळखून थांबतं आणि दिवा लुकलुकतो. स्वस्त पॅड थांबेलच याची खात्री नाही.

हीच गोष्ट गाडीच्या स्टँडसाठी चिकटवलेल्या लोखंडी चकतीची, बोट अडकवायच्या रिंगची आणि कव्हरखाली सरकवलेल्या नाण्याची. एक आणि दोन रुपयांची नाणी चुंबकाला चिकटतात, त्यामुळे चुंबकी पॅडवर एखादं नाणं आधीच बसलेलं असू शकतं. फोन ठेवण्याआधी हात फिरवा.

कव्हर साधारण तीन मिलिमीटरपेक्षा जाड नको. आणि चुंबकी पॅडसाठी कव्हरमध्येही चुंबकांचं कडं हवं, नाहीतर पकड ढिली पडते.

१०. कव्हरच्या मागे एटीएम कार्ड ठेवतो, ते खराब होईल?

चार्ज करताना काढा. काळी चुंबकी पट्टी चुंबकाने पुसली जाऊ शकते आणि टॅप करून चालणाऱ्या कार्डाची चिप चार्जिंगच्या क्षेत्राने बिघडू शकते. हॉटेलच्या खोलीचं कार्ड, ऑफिसचा प्रवेश बिल्ला आणि चिप असलेला पासपोर्ट यांनाही तेच लागू. चुंबकाने चिकटणारं वेगळं पाकीट असेल तर ते आधी काढून मगच पॅड लावायचं.

११. दादा, आम्ही समुद्राकाठी काम करतो. दर पावसाळ्यात चार्जिंगचा पोर्ट जातो. वायरलेस घेतलं तर सुटेन?

हो. "सध्या नको" हे आमचं उत्तर तुम्हाला लागू नाही.

शॅकमधली (किनाऱ्यावरच्या खानावळीतली) मुलं, मालिम जेटीवरचे ट्रॉलरवाले, वॉटरस्पोर्ट्सवाले, बेतीच्या फेरीबोटीवर रोज ये-जा करणारे, यांचे फोन आमच्याकडे एकाच तक्रारीने येतात: चार्ज होत नाही किंवा ओलाव्याचा इशारा जात नाही. भिंगाखाली पाहिलं तर टाइप-सीच्या बारीक पिना हिरव्या-काळ्या पडलेल्या. खारी हवा, त्यात घामाचा ओलावा, आणि त्या ओल्या पोर्टात केबल खोचून वीज सोडली की गंज झपाट्याने चढतो. पाणी तेवढं वाईट नाही जेवढी ओल्या पोर्टातली वीज वाईट. फोन ओलाव्याचा इशारा देतो तेव्हा तो हेच टाळत असतो, आणि लोक इशारा बंद करून केबल पुन्हा पुन्हा खोचतात.

वायरलेसला पोर्टच लागत नाही. पाठ पुसून कोरडी केली की पॅडवर ठेवता येतो, आणि पोर्टात ओलावा असताना हाच मार्ग अ‍ॅपल आणि सॅमसंगही सुचवतात. पोर्ट बदलायचा खर्च, त्यासाठी फोन उघडला की पाणीरोधक सील जातं ते वेगळं, हे धरलं तर तुमच्यासाठी पॅड दीड-दोन पावसाळ्यांत वसूल आहे.

दोन सूचना. ओला फोन तांदळाच्या डब्यात ठेवू नका, बारीक कण पोर्टात शिरतात. पोर्ट खाली करून हळू झटका आणि वाऱ्यावर ठेवा, हेअर ड्रायर नको, कापसाची काडीही नको. आणि किनाऱ्यावर चुंबकी पॅड उघडं टाकू नका. वाळूतले काळे कण चुंबकाला चिकटतात आणि फोनची काच घासून निघते. पॅड घरी किंवा काउंटरमागे ठेवा, रोज कोरड्या कापडाने पुसा.

अडचण एवढीच की ज्यांना याची सगळ्यात जास्त गरज, त्यांच्याच हातात कॉइल नसलेले फोन असतात (प्रश्न ३). मोबाईल कंपन्यांची गंमत वाटते. एसी घरात बसणाऱ्यासाठी सोय, आणि जेट्टीवरच्या माणसाला रबरी बुचावर भागवावं लागतं.

१२. खोक्यावर "मॅगसेफ कंपॅटिबल, १५ वॉट" लिहिलंय आणि किंमत चारशे रुपये. घेऊ?

त्या शब्दांचा अर्थ एवढाच की आत चुंबक आहे आणि फोनला चिकटेल. प्रमाणित नसलेल्या अशा पॅडवर आयफोन साधारणपणे ७.५ वॉटच घेतो. खरं प्रमाणित असेल तर क्यूआय २ चं चिन्ह असतं आणि वायरलेस पॉवर कन्सॉर्शियमच्या संकेतस्थळावर उत्पादनांची यादी खुली आहे. मॉडेलचा क्रमांक तिथे शोधायचा. सापडला नाही तर चिन्ह नुसतं छापलेलं समजा.

अडॅप्टर आणि पॉवर बँक यांना भारतात बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) नोंदणी सक्तीची आहे. त्यावर आर ने सुरू होणारा क्रमांक असतो, तो बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकून कुणाच्या नावावर आहे ते पाहता येतं. शुक्रवारच्या बाजारात फुटपाथवर मिळणारा अडॅप्टर यात क्वचितच टिकतो. स्वस्त पॅडने बहुधा वेळच जातो (धातू मात्र सांभाळा, प्रश्न ९), स्वस्त अडॅप्टरने घर धोक्यात येतं. पैसे वाचवायचेच असतील तर पॅडवर वाचवा.

१३. सॅमसंग एस२५ घेतला, क्यूआय २ म्हणाले होते, पण पॅड चिकटतच नाही!

"क्यूआय २ रेडी" म्हणाले असतील. एस२५ मालिकेत फोनच्या आत चुंबक नाहीत, ते कव्हरमधून यावे लागतात. चुंबकाचं कडं असलेलं योग्य कव्हर घाला, पॅड चिकटेल. अल्ट्रा मॉडेलमध्ये पेन असतो आणि चुंबकांमुळे तो कडेकडेला नीट चालत नाही असा अनुभव येतो.

अँड्रॉइडमध्ये फोनमध्येच चुंबक असलेला पहिला क्यूआय २ फोन २०२४ चा एचएमडी स्कायलाइन. मोठ्या कंपन्यांपैकी गुगलने ऑगस्ट २०२५ मध्ये पिक्सेल १० मालिकेत चुंबक दिले. त्यातही २५ वॉट फक्त प्रो एक्सएलला, बाकीच्यांना १५. आणि चुंबक आले तेव्हा पाठीवर इअरबड ठेवून चार्ज करायची जुनी सोय गेली. आयफोनमध्येही सरसकट नाही: १६ पासून २५ वॉटपर्यंत, पण १६ई ला चुंबकच नाहीत आणि आयफोन एअर २० वर थांबतो. एकाच नावाखाली इतके पोटभेद असतील तर गिऱ्हाईक गोंधळणारच. विकणारे आम्हीही खोकं उलटून वाचल्याशिवाय बोलत नाही.

१४. गाडीत किंवा बाइकवर वायरलेस होल्डर चालेल?

गाडीत चालतो, पण अपेक्षा कमी ठेवा. कंपनीने बसवलेलं सपाट पॅड असेल तर चोर्ला घाटाच्या वळणांवर फोन सरकतो आणि चार्जिंग तुटत राहतं. त्यात मॅप चालू, गाणी चालू, काचेतून ऊन. बेळगावला पोचेपर्यंत फोन तापलेला आणि टक्के होते तेवढेच. एसीच्या झडपेवर बसणारा चुंबकी होल्डर बरा, थंड हवा पाठीला लागते.

बाइकवर आम्ही नाही म्हणतो. पायलट (मोटरसायकल टॅक्सीवाले) आणि डिलिव्हरीची मुलं मागतात, तरीही. मोठ्या इंजिनाच्या दुचाकीच्या थरथरीने कॅमेऱ्यातली स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा अ‍ॅपलने २०२१ मध्येच दिला होता. शिवाय ऊन आणि पाऊस. धक्के शोषणारा होल्डर, पाणीरोधक पाऊच आणि केबल, एवढं पुरे.

१५. चुंबकी पॉवर बँक विमानात नेता येते का? १०००० एमएएच म्हणजे फोन अडीच वेळा भरेल ना?

मोपा असो वा दाबोळी, पॉवर बँक केबिनच्या बॅगेतच न्यायची, चेक-इनमध्ये नाही. १०० वॉट-तासांपर्यंत चालते. १०००० एमएएच म्हणजे ३७ वॉट-तास, त्यामुळे मापाची चिंता नाही.

अडीच वेळा मात्र नाही. वायरलेसने त्यातली जेमतेम अर्धी वीज फोनपर्यंत पोचते. आयफोन १६ सारख्या फोनला दीड वेळेच्या आत समजा. तीच पॉवर बँक केबलने लावली तर जास्त पुरते.

१६. आमचं होमस्टे आहे. खोल्यांत वायरलेस पॅड बसवावं का?

टेबलात कोरून बसवू नका. पाच-सात वर्षांपूर्वी ज्यांनी सागवानी टेबलात ५ वॉटची पॅडं बसवली, त्यांच्याकडे आज टेबलं शाबूत आहेत आणि पॅडं निकामी. पाहुण्यांचे फोनही मिसळीचे: एकाकडे आयफोन, दुसऱ्याकडे रेडमी. पलंगाच्या दोन्ही बाजूंना पुरेसे सॉकेट आणि एकेक टाइप-सी पोर्ट दिलात तर तक्रार येणार नाही. हवंच असेल तर रिसेप्शनवर दोन सुटी चुंबकी पॅडं ठेवा, मागितलं की द्या. खोलीत ठेवलेली पाहुण्यांच्या बॅगेतून जातात, हे होमस्टेवाल्यांना सांगायला नको.

१७. झोपताना डोक्याशी ठेवतो. रेडिएशनचा धोका? वडिलांना पेसमेकर आहे.

हे क्षेत्र एक्स-रेसारखं नाही, आणि हातभर अंतरावर नगण्य होतं. निरोगी माणसाने काळजी करू नये.

पेसमेकर किंवा डिफिब्रिलेटर असेल तर गोष्ट वेगळी. चुंबक आणि चार्जिंगचं क्षेत्र दोन्ही त्यावर परिणाम करू शकतात. अ‍ॅपलची सूचना अशी की फोन आणि चार्जर यंत्रापासून १५ सेंटिमीटरहून लांब, आणि वायरलेस चार्जिंग चालू असताना ३० सेंटिमीटरहून लांब ठेवावा. वडिलांनी चुंबकी फोन शर्टाच्या वरच्या खिशात ठेवू नये. त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना एकदा विचारा, कारण यंत्रायंत्रात फरक असतो.

१८. हवेतून चार्ज होणारे फोन येणार आहेत म्हणे. तोवर थांबू का?

थांबू नका. २००७ मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी दोन मीटरवरून ६० वॉटचा दिवा पेटवून दाखवला, सुमारे ४० टक्के कार्यक्षमतेने. जानेवारी २०२१ मध्ये शाओमीने १४४ अँटेनांचा, खोलीतल्या फोनला ५ वॉट देणारा मनोरा जाहीर केला. दुकानात तो आलेला नाही. अंतर वाढलं की पोचणारी वीज फार घटते, आणि ती वाढवायची तर माणसांच्या खोलीत किती लहरी सोडाव्यात यावर सरकारी मर्यादा आहेत. आज हे तंत्र अगदी कमी वीज लागणारे सेन्सर आणि गोदामातले टॅग यांच्यापुरतं उपयोगी आहे.

जाहीर होणं आणि विकलं जाणं यांतलं अंतर मोठं असतं. अ‍ॅपलनेही सप्टेंबर २०१७ मध्ये तीन वस्तू एकत्र चार्ज करणारं एअरपॉवर दाखवलं आणि मार्च २०१९ मध्ये ते रद्द केलं.

१९. एकाच पॅडवर अ‍ॅपल वॉच आणि फोन चालेल?

साध्या क्यूआय पॅडवर अ‍ॅपल वॉच चार्ज होत नाही, त्याला स्वतःची चकती लागते. "थ्री इन वन" स्टँडमध्ये ती वेगळी बसवलेली असते. घेताना अडॅप्टर सोबत आहे का ते पाहा, कारण तिघांत वाटली जाणारी वीज एकाच तोंडातून येते (प्रश्न ६).

२०. भाच्याने दुबईहून चार्जर आणलाय, प्लग तीन चौकोनी पिनांचा आहे. आपल्याकडे चालेल?

पॅड चालेल, प्लगचं पाहावं लागेल. अडॅप्टरवरची बारीक अक्षरं वाचा: १०० ते २४० व्होल्ट लिहिलं असेल तर आपली वीज त्याला चालते. अमेरिकेहून आणलेल्याचंही तेच. राहिला आकार. पाच ठिकाणी खोचून ढिले झालेले, सगळ्या देशांचे प्लग घेणारे स्वस्त कन्व्हर्टर रात्रभर वापरू नका. त्यांची पकड सैल असते, पिना तापतात, आणि पावसात लाइट जाऊन येऊन करते तेव्हा तिथे ठिणगी उडालेली आम्ही पाहिली आहे. पॅडची केबल टाइप-सी असेल तर तो अडॅप्टर बाजूला ठेवा आणि इथला बीआयएस नोंदणीचा ३० वॉटचा पीडी अडॅप्टर घ्या. पॅडला केबल कायमची जोडलेली असून टोक जुन्या चौकोनी यूएसबीचं असेल, तर ते पॅड बहुधा जुन्या पिढीचं आहे. आणून दाखवा, पाहायचे पैसे नाहीत.